दगड वीराचा, जमीन कोणाची?

(कोल्हापूर येथील अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा संक्षेप)



कोल्हापूरला येणारा प्रवासी अंबाबाईचे दर्शन घेतो, पन्हाळा पाहतो, रंकाळ्यावर संध्याकाळ घालवतो आणि परततो. करवीर तालुक्यातील बीड या गावी तो सहसा जात नाही. तेथे आहेत ते वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या माणसांच्या स्मरणार्थ उभे केलेले दगड. बीड हे अशा दगडांसाठी अभ्यासकांना परिचित असलेले गाव; पण या जिल्ह्यात, किंबहुना साऱ्या दक्षिण महाराष्ट्रात, मंदिराच्या आवारात किंवा वेशीपाशी ते आढळतात.

वीरगळ खालून वर वाचावयाचा असतो. सर्वांत खालच्या चौकटीत वीर पडलेला असतो. पुष्कळदा त्याच्या शेजारी गाईंची रांग कोरलेली असते. त्यावरच्या चौकटीत लढाई. तिच्यावर अप्सरा वीराला स्वर्गाकडे नेत आहेत. सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करीत बसलेला, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. ते असेतोवर ही कीर्ती राहील, असा त्यांचा अर्थ. महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळांवर नाव मात्र नसते. ज्याची कीर्ती आचंद्रसूर्य राहावयाची, तो कोण होता हेच आज कोणाला सांगता येत नाही.

खालच्या चौकटीतील गाईंकडे अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले पाहिजे. शेतीप्रधान समाजात गुरे हेच भांडवल. नांगर त्यांच्यावर, खत त्यांचे, दूधदुभते त्यांचे, वाहतूक त्यांच्या बळावर. गावची गुरे वळवून नेणे म्हणजे गावाची पुढच्या हंगामाची पेरणीच लुटून नेणे. ही प्रथा फार जुनी आहे. तमिळनाडूतील पुलिमानकोंबै येथे २००६ साली सापडलेला, ख्रिस्तपूर्व काळातील वीरशिलेवरचा लेखही गोहरणात मेलेल्या माणसाचाच आहे. गुरांसाठी लढणारा हा माणूस राजघराण्यातलाच असे मानण्याचे कारण नाही. तो गुराखी, शेतकरी किंवा गावचा रखवालदारही असेल. शिलाहारांचे राज्य इ. स. १२१२ च्या सुमारास यादव सिंघणाने जिंकले, हे शाळकरी मुलालाही शिकवता येते. राजे बदलत असताना गावची गुरे कोणी राखली, याची नोंद या दगडांखेरीज फारशी कोठे नाही.

परंतु केवळ दगड उभारून तो समाज थांबत नसे, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. कर्नाटकातील वीरगळांवर लेख पुष्कळ आहेत, आणि त्यांत ‘नेत्तरु-कोडगे’ असा शब्द येतो. त्याचा अर्थ रक्ताची देणगी. मेलेल्या वीराच्या कुटुंबाला दिलेली जमीन. कोल्हापूरच्या शिलाहारांचे अनेक शिलालेख कानडीतच आहेत, तेव्हा हा व्यवहार या मुलखाला अगदी परका असेल असे वाटत नाही. सन्मान आणि उपजीविका यांची सांगड त्या काळी घातली गेली होती. ज्याच्या श्रमावर आणि प्राणावर गाव जगले, त्याच्या मुलाबाळांचे ऋण गावाने मानले होते.

म्हणून तो काळ सुवर्णयुग ठरत नाही. गुरे पळवणाराही बहुधा कोणा सामंताचा पोटार्थी शिपाईच असे, आणि दोन गरिबांच्या झुंजीवर स्वर्गाचे आश्वासन देणे सत्ताधाऱ्याला स्वस्त पडे. शिवाय वीरगळाच्या शेजारी कधी कधी सतीशिळा असते. तिच्यावर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात. जमीन कुटुंबाला मिळाली असेल, पण ती कसावयाला ही बाई उरली नाही. ज्या प्रथेवर १८२९ साली कंपनी सरकारच्या कायद्याने बंगालमध्ये बंदी आली, तिचा गौरव त्या दगडात आहे. वीरगळापुढे हात जोडणाऱ्याने या हाताकडे पाठ फिरवता कामा नये. स्मारक पाहावयाचे ते पूजेसाठी नव्हे, हिशेबासाठी.

आज या दगडांची अवस्था काय आहे? कोठे ते पायरीला लावले आहेत, कोठे त्यांच्यावर कपडे धुतले जातात, कोठे शेंदूर किंवा ऑइलपेंट फासून त्यांचे दैवत केले आहे, कोठे बांधकामात ते गाडले गेले आहेत. शंभर वर्षांहून जुने शिल्प १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. पण गावाला तो दगड कशाचा हे ठाऊक नसेल तर कायदा कागदावरच राहतो. उपाय खर्चिक नाही. ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील वीरगळ आणि सतीशिळा मोजून नोंदवही ठेवावी, शाळेने मुलांकडून त्यांची रेखाटने करून घ्यावीत, दगड शहरात न हलवता गावातच सावलीत उभे करावेत. राजांच्या पुतळ्यांसाठी कोट्यवधी रुपये काढणाऱ्या समाजाला एवढे जड जाऊ नये.

आणि एक प्रश्न त्या दगडांपाशी उभे राहून प्रत्येकाने स्वतःला विचारावा. गटार साफ करताना गुदमरलेला कामगार, कर्जापायी जीव दिलेला शेतकरी, यांचा दगड कोणी उभारणार नाही. तो उभारला नाही तरी चालेल. पण त्यांच्या घरच्यांना नेत्तरु-कोडगे मिळाले का, हे विचारल्यावाचून आपण त्या नामहीन वीराहून पुढच्या काळातले आहोत असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही पोचत नाही.