नाईलकाठची देवळे : पाहण्याआधीचा विचार

नाईल नदी नकाशावर खालून वर वाहते, हे मला पहिल्यांदा सांगितले ते आमच्या गावच्या गुरुजींनी. मी तेव्हा चौथीत होतो. भिंतीवरच्या नकाशाला रूळ टेकवून ते म्हणाले, "आपली भीमा, आपली कृष्णा पूर्वेला जातात. ही बाई दक्षिणेत उगम पावते आणि उत्तरेला समुद्राला मिळते. म्हणून इजिप्तचा 'वरचा' मुलूख नकाशात खाली शोधायचा." वर्ग हसला. पुढे कॉलेजात इतिहास शिकवू लागल्यावर मीही हेच वाक्य मुलांना ऐकवीत आलो. आणि काही वर्षांपूर्वी याच गुरुजींना बरोबर घेऊन नाईलकाठची प्राचीन देवळे पाहायला गेलो.

या प्रवासाची आखणी कशी करावी, हे आज तुम्हाला सांगायचे आहे. यातल्या निम्म्या गोष्टी मला पुस्तकांतून कळल्या. उरलेल्या निम्म्या माझ्या चुकांतून कळल्या, आणि त्या चुकांचा त्रास सोसला गुरुजींनी.

आधी भूगोल ध्यानात घेऊ या. इजिप्त म्हणजे वाळवंट, आणि त्यातून गेलेली नदीकाठची हिरवी पट्टी. माणसे, शेते, देवळे, सारे त्या पट्टीला धरून. कैरोहून रात्रीच्या आगगाडीने सुमारे ६७० किलोमीटर दक्षिणेला गेले, की लक्सर येते. तिथून अस्वान आणखी सुमारे २२० किलोमीटर. या दोन गावांच्या मध्ये एस्ना, एडफू आणि कोम ओम्बो ही देवळे काठावर ओळीने आहेत. लक्सरच्या उत्तरेला डेंडेरा आणि ॲबिडॉस, अस्वानजवळ फिली, आणि अस्वानच्याही दक्षिणेला सुमारे २८० किलोमीटरवर, सुदानच्या सरहद्दीपाशी, अबू सिंबेल.

नदीचा प्रवाह उत्तरेकडे, आणि वारा बहुतेक उत्तरेकडून दक्षिणेकडे. म्हणजे बघा, उत्तरेला जायचे तर होडी प्रवाहात सोडून द्यायची, आणि दक्षिणेला जायचे तर शीड उभारायचे. जुन्या चित्रलिपीत 'दक्षिणेला जाणे' या शब्दाला शिडाची होडी काढीत, आणि 'उत्तरेला जाणे' याला शीड उतरवलेली. जाणेयेणे इतके सोपे होते म्हणून देवसुद्धा नदीने प्रवास करीत. डेंडेऱ्याची हॅथोर देवी वर्षातून एकदा नावेत बसून एडफूच्या होरस देवाच्या भेटीला जात असे. ही देवळे एका वाटेवरचे मुक्काम आहेत, एवढे मनात धरले की आखणीचा पाया पक्का होतो.

आता माझी आखणी ऐका. पाच दिवस आणि अकरा देवळे! कागदावर ती फार सुरेख दिसत होती. एक चूक मात्र निघण्यापूर्वीच झालेली होती. मी कॉलेजच्या सुट्टीकडे पाहिले, इजिप्तच्या उन्हाकडे पाहिले नाही. आम्ही गेलो एप्रिलच्या अखेरीस. शिक्षकबंधूंनो, तुम्हाला जायचे झाले तर दिवाळीची सुट्टी धरा. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत तिथली हवा फार चांगली असते. उन्हाळ्यात अस्वानला पारा चाळिशीच्या पुढे सहज जातो.

पहिल्याच दिवशी, सकाळी गाडीतून उतरलो, सामान टाकले, आणि बाराच्या सुमारास कार्नाकला पोचलो. कार्नाकचा तो थोरला सभामंडप तुम्ही चित्रात पाहिला असेल. १६ रांगांत १३४ खांब. मधले १२ खांब तर सुमारे २१ मीटर उंच. सेती पहिला या राजाने काम सुरू केले आणि त्याचा मुलगा रामसेस दुसरा याने पुरे केले. मी पुढे पुढे माहिती सांगत चाललो होतो. मागून उत्तर येईना म्हणून वळून पाहिले, तो गुरुजी एका खांबाच्या बैठकीला टेकून खाली बसलेले. चेहरा पांढरा पडलेला. पंचाहत्तरी उलटलेला माणूस, रात्रभराचा प्रवास, वर ते ऊन. पहारेकऱ्याने पाणी आणून दिले. टांग्यात घालून मी त्यांना मुक्कामी आणले आणि मीठसाखरेचे पाणी पाजले.

संध्याकाळी जरा बरे वाटल्यावर त्यांनी माझा तो कागद मागितला. चष्मा लावून सगळा वाचला.

"अबू सिंबेल शेवटच्या दिवशी का ठेवलंस?"

"ते सगळ्यांत लांब आहे, गुरुजी."

"म्हणजे सगळ्यांत दमलेला माणूस तिथं पोचायचा."

श्रोतेहो, त्यांच्या दृष्टीने हा सारा प्रवास होता तो एका अबू सिंबेलसाठी, आणि ते मला ठाऊक होते. ते शिक्षकाचे शिक्षण घेत होते तेव्हाची गोष्ट. अस्वानला नाईलवर मोठे धरण बांधायला १९६० साली सुरुवात झाली होती. धरणामागे सुमारे ५०० किलोमीटर लांबीचा जलाशय होणार, आणि नूबियातली प्राचीन देवळे त्याच्या पोटात जाणार, हे स्पष्ट झाले. मार्च १९६० मध्ये युनेस्कोने साऱ्या जगाला मदतीची हाक दिली. अनेक देश धावून आले. आपल्या पुरातत्त्व खात्याचे एक पथकही बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली १९६२ साली नूबियात उत्खननाला गेले होते. अबू सिंबेलची देवळे डोंगराच्या पोटात कोरलेली. ती १९६४ ते १९६८ या काळात करवतीने कापली, वीसवीस-तीसतीस टनांचे दगड वर नेले, आणि मूळ जागेपेक्षा सुमारे ६५ मीटर उंचावर पुन्हा जसेच्या तसे जुळवले. रामसेस राजाचा प्रचंड दगडी चेहरा यारीला टांगून वर चालला आहे, असे एक चित्र तेव्हा वर्तमानपत्रात आले होते. गुरुजींनी ते कापून वहीत चिकटवले. ती वही आम्ही चौथीत पाहिलेली. आणि त्या चित्राच्या जागी माझ्या हावरेपणामुळे त्यांना पोचता येते की नाही, अशी वेळ आली होती.

त्यांनी पेन्सिल घेतली. शाळेची सहल काढावी तसे ते माझ्याशी बोलू लागले. पहिला प्रश्न, काय चुकवायचं नाही? ते एकच ठरव, आणि त्याच्या आदल्या दिवशी पुरती विश्रांती ठेव. दुसरा प्रश्न, ऊन केव्हा कुठं असतं? तिसरा, बसायला सावली कुठं आहे? त्यांनी अकरांतली चार नावे खोडली: डेंडेरा, एस्ना, मेदिनेत हाबू आणि ॲबिडॉस. ॲबिडॉसवर पेन्सिल फिरली तेव्हा माझ्या पोटात कालवले. सेती राजाच्या त्या देवळात भिंतीवर ७६ राजांची नामावळी कोरलेली आहे. तीत हातशेप्सुत राणीचे नाव नाही, तुतनखामनचेही नाही. नको असलेली नावे गाळून इतिहास कसा लिहितात, याचा तो दगडी पुरावा. इतिहासाच्या माणसाला तो पाहायला नको? पण मी गप्प बसलो. परतीचा दिवस दोन दिवसांनी पुढे ढकलला.

दुसऱ्या दिवशी उन्हे उतरेपर्यंत विश्रांती. संध्याकाळी लक्सरचे देऊळ. ते दिवे लागल्यावरही पाहता येते. तिसऱ्या दिवशी, पहाटे नदी ओलांडून पश्चिम काठ. पूर्व काठ जिवंतांचा नि पश्चिम काठ मृतांचा, अशी त्या लोकांची ढोबळ वाटणी असे, कारण सूर्य मावळतो पश्चिमेला. दैर अल्-बहरीचे हातशेप्सुत राणीचे देऊळ पूर्वाभिमुख आहे. सकाळचे पहिले ऊन कड्यावरून त्याच्या ओसऱ्यांवर उतरते. तेच देऊळ दुपारी तापलेली भट्टी होते. कार्नाक आम्ही चौथ्या दिवशी सकाळी सहाला उघडताच पुन्हा पाहिले. खांबांच्या लांब सावल्यांत गुरुजींनी दोन तास आनंदाने काढले.

आणखी एक गोष्ट उन्हाचीच. या देवळांच्या बाहेरच्या भिंतींवरची चित्रे बहुधा दगडात खोल कोरलेली असतात, आणि आतली उठावाची. बाहेर प्रखर ऊन. खोल रेघेत सावली धरते आणि आकृती स्पष्ट दिसते. पण ऊन तिरपे हवे. म्हणून बाहेरची भिंत सकाळी किंवा सायंकाळी पाहावी आणि दुपार पडलीच, तर ती आतल्या दालनांत घालवावी.

देवळाची रचना समजून घ्यायची असेल तर एडफू आधी पाहावे. ख्रिस्तपूर्व २३७ ते ५७, म्हणजे १८० वर्षे त्याचे काम चालले. पुढे ते वाळूमातीत बुडाले, वर घरे झाली. १८६० पासून मारियेत या फ्रेंच संशोधकाने ते मोकळे केले. त्यामुळे ते फार चांगले टिकले आहे. महाद्वार, मग उघडे अंगण, मग खांबांचा मंडप, मग गाभारा. आत जावे तशी जमीन चढत जाते, छत उतरत येते आणि उजेड कमी होतो. आपल्याला गाभाऱ्यातला अंधार नवा नाही. गुरुजी चटकन म्हणाले, "चपला कुठं काढायच्या एवढंच विचारायचं राहिलं!"

कोम ओम्बोला मात्र मी विद्यार्थी झालो. तिथे अंगणाच्या कडेला पूर मोजायची विहीर आहे. इथियोपियाच्या डोंगरांत पाऊस पडे, आणि उन्हाळ्याच्या भरात नाईलला पूर येई. पाणी कमी चढले तर दुष्काळ, फार चढले तर नासाडी. बेताचे चढले म्हणजे पीक चांगले आणि त्या मानाने साराही जास्त. मी हे पुस्तकी भाषेत सांगत होतो. गुरुजी आत डोकावून म्हणाले, "अरे, ही तर त्यांची आणेवारी!" इतकी वर्षे शिकवूनही मला तो शब्द सुचला नव्हता.

अस्वानला एक दिवस विश्रांती घेतली आणि संध्याकाळी होडीने फिलीला गेलो. इसिस देवीचे हे देऊळ १९०२ च्या जुन्या धरणापासून वर्षातले कित्येक महिने पाण्यात असे. १९७२ ते १९८० या काळात ते उकलून शेजारच्या उंच बेटावर हलवले. प्राचीन चित्रलिपीतला शेवटचा ज्ञात लेख याच देवळात आहे, इसवी सन ३९४ चा.

आमचा नावाडी नूबियन होता, मोडके इंग्रजी बोलणारा. गुरुजी मला म्हणाले, "त्याला विचार, देऊळ वर नेलं. गाव कुठं नेलं?" मी विचारले. त्याने वल्हे थांबवले आणि उत्तरेकडे हात केला. त्याच्या आजोबांना कोम ओम्बोकडे नेऊन वसवले होते. १९६३-६४ मध्ये इजिप्तमधले सुमारे ५०,००० नूबियन असे हलवले गेले. नदीकाठची खजुरीची झाडे, घरे, कबरी सारे पाण्याखाली राहिले.

गुरुजी बराच वेळ बोलले नाहीत. त्यांचे आजोळ उजनीच्या पाण्यात गेलेले आहे. भीमेवरचे ते धरण १९८० साली पुरे झाले. पळसदेवचे जुने देऊळ उन्हाळ्यात पाणी फार ओसरले की अजून वर येते, आणि लोक होडीने दर्शनाला जातात. त्यांनी नावाड्याच्या हातावर हात ठेवला आणि मराठीतच म्हणाले, "आमचंही असंच आहे, बाबा." मी भाषांतर केले नाही. त्याची गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला निघून आम्ही अबू सिंबेलला पोचलो. चार बैठ्या मूर्ती, प्रत्येक सुमारे २० मीटर उंच. एकीचा वरचा भाग प्राचीन काळीच कोसळलेला, तो तसाच पायाशी ठेवला आहे. फेब्रुवारी आणि ऑक्टोबर यांच्या २२ तारखेला उगवत्या सूर्याचे किरण थेट गाभाऱ्यापर्यंत जातात. देऊळ हलवतानाही ते साधले आहे. गुरुजींनी तो वहीतला चेहरा डोळे भरून पाहिला. मग ते पाठ फिरवून जलाशयाकडे तोंड करून बसले. "आता हे बघू," म्हणाले. देवळापुढे जेवढा वेळ काढला, तेवढाच त्यांनी त्या पाण्यापुढे काढला.

श्रोतेहो, तुम्ही कधी निघालात तर देवळांची नावे शेवटी लिहा. आधी लिहा बरोबर कोण आहे, कुणाला काय पाहायचे आहे, ऊन केव्हा चढते. देवळे दिवसाला एक, फार तर दोन. अस्वानच्या नूबिया संग्रहालयाला अर्धा दिवस ठेवा. देवळांखालच्या गावांची ओळख तिथे होते. आणि नावाड्याशी बोला.

निघताना गुरुजी म्हणाले, "तुझं ॲबिडॉस माझ्यामुळं राहिलं." मी म्हटले, तुमच्यामुळे नव्हे गुरुजी, माझ्या आखणीमुळे. आता दिवाळीच्या सुट्टीसाठी नवा कागद केला आहे. त्यावर ॲबिडॉस पहिले आहे, आणि त्या दिवसात दुसरे काहीही नाही.