‘निकाह’मधला हैदर आणि आपण



बी. आर. चोप्रा यांचा ‘निकाह’ १९८२ साली आला. कथा अचला नागर यांची. चित्रपट तुमच्या जन्माआधीचा, पण त्याची गाणी तुम्ही घरात ऐकली असतील. आज मी गाण्यांविषयी नाही, त्यातल्या दोन पुरुषांविषयी बोलणार आहे.

गोष्ट थोडक्यात सांगते. निलोफरचा नवरा वसीम धंद्यात बुडालेला. लग्नाच्या वाढदिवसाच्या दावतीला तो स्वतःच येत नाही. त्यावरून भांडण होतं आणि रागाच्या भरात तो तीनदा तलाक म्हणतो. संसार संपला. निलोफर एका मासिकात नोकरी धरते. पुढे तिथला संपादक हैदर याच्याशी तिचा निकाह होतो. इकडे पस्तावलेल्या वसीमला ती परत हवी असते. हैदरला वाटतं, हिचं मन अजून तिकडेच आहे. तो वसीमला तिच्यासमोर आणतो आणि तिला तलाक द्यायला तयार होतो.

तेव्हा निलोफर दोघांनाही सुनावते. मी काय मालमत्ता आहे, एकाने टाकायची आणि दुसऱ्याने परत करायची?

वसीमची चूक कुणालाही दिसते. हैदर मात्र भला माणूस आहे. तो त्याग करायला निघाला आहे. पण तिला काय हवंय, हे त्यानेही विचारलं नाही. मला हा चित्रपट महत्त्वाचा वाटतो तो इथे.

वसीमविरुद्धची लढाई जुनी आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिलांनी मुंबईत मोर्चा काढला. सातच बाया, पण सुरुवात झाली. २२ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तीन तलाक रद्द ठरवला, २०१९मध्ये कायदा आला. १० जुलै २०२४ला त्याच न्यायालयाने स्पष्ट केलं, की तलाकपीडित मुस्लिम स्त्री फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालीही पोटगी मागू शकते. मुलींनो, ही तारीख लक्षात ठेवा.

पण हैदरविरुद्ध कायदा करता येत नाही. माझ्याशी बोलायला येणाऱ्या मुलींचे वडील, भाऊ, मामा बहुतेक हैदरच असतात. जीव लावणारे. तलाकनंतर ती कुठे राहणार, मुलं कुणाकडे, दुसरा निकाह कधी, सगळं बैठकीत ठरतं. ती आत चहा करत असते.

चित्रपटाची मर्यादाही सांगते. त्यातलं घर श्रीमंतांचं आहे आणि निलोफरला नवं आयुष्य मिळतं ते पुन्हा लग्नातूनच. आपल्या वस्तीतल्या बाईला आधी भाड्याची खोली, मुलांची फी आणि हातात पगार लागतो. म्हणून शिक्षण अर्धवट सोडू नका. निकाहनाम्याची प्रत स्वतःजवळ ठेवा. मेहर किती आणि कधी मिळणार, ते त्यात लिहून घ्या. बँकेत खातं स्वतःच्या नावावर असू द्या.

आणि मुलांनो, बहिणीवर अशी वेळ आली, तर तिच्यासाठी काही ठरवण्याआधी तिला बैठकीत बोलवा. चहा तुम्ही करा.

आता तुमचे प्रश्न विचारा. मुलींपासून सुरुवात करू.