वरचा एक रुपया

लग्नाच्या मांडवात नवरा-नवरीइतकीच गर्दी आणखी एका ठिकाणी असते, ती म्हणजे आहेर लिहिणाऱ्याच्या टेबलाभोवती. आमच्या अणदूरला या टेबलाशी बहुधा शाळेतल्या एखाद्या मास्तरांना बसवतात. अक्षर बरं आणि हिशेब चोख, एवढी पात्रता पुरते. त्यामुळे नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतरही ती वही बऱ्याच वेळा माझ्या हाती आली. वहीतले आकडे काळाप्रमाणे वाढत गेले. अकराचे एकवीस झाले, एक्कावन्न झाले, पुढे एकशे एक आणि पाचशे एक झाले. शेवटचा एक मात्र जागचा हलला नाही. आज बाजारातून आणलेल्या आहेराच्या पाकिटावरही रुपयाचं नाणं आधीच चिकटवलेलं असतं.

हा वरचा एक रुपया कशासाठी? जुनी माणसं सांगतात, शून्यावर रक्कम थांबली की व्यवहार संपला. एकापासून पुन्हा मोजणी सुरू होते. दुसरं सांगतात ते असं, की विषम रकमेचे दोन सारखे वाटे होत नाहीत, तसा हा जोडाही दुभंगू नये. गणिताचा मास्तर म्हणून मी हसून म्हणतो, एकवीस आणि एक्कावन्नला तीनने भाग जातो की! पण लग्न दोघांचं असतं, तेव्हा दोनने भाग गेला नाही म्हणजे झालं.

हा विचार आपल्याकडेच आहे असंही नाही. जपानमध्ये लग्नाच्या पाकिटात विषम आकड्याची रक्कम, उदाहरणार्थ तीस हजार येन, घालण्याचा रिवाज आहे आणि कारणही हेच, जोडी दुभंगू नये. शेजारच्या चीनमध्ये मात्र शुभकार्याला सम संख्या पसंत करतात, कारण तिथे जोडी म्हणजेच सुख. म्हणजे आकड्याच्या अंगी जादू नाही. देणाऱ्याच्या मनात काय आहे, ते त्या आकड्यातून कळतं.

आपल्या लोकांना पुऱ्या आकड्यापेक्षा ‘थोडं वर’ फार आवडतं. सव्वा हे त्याचं जुनं रूप. सोळा आण्यांच्या काळात सव्वा रुपया म्हणजे एक रुपया चार आणे. १९५७ साली दशमान नाणी आली, तेव्हा त्याचे एक रुपया पंचवीस पैसे झाले. ३० जून २०११ पासून पंचवीस पैशांचं नाणं चलनातून गेलं. आता सव्वा रुपया रोख देणं शक्य नाही, पण देवापुढचे सव्वा किलो पेढे अजून आहेत. नाणं गेलं, मागचा भाव राहिला.

अणदूरच्या माणसाला सव्वा आणखी एका कारणाने जवळचा वाटतो. आमचा खंडोबा सव्वादहा महिने अणदूरला आणि पावणेदोन महिने नळदुर्गाजवळच्या मैलारपूरला असतो. मूर्ती एक, देवळं दोन. देव नेताना आणि परत आणताना दोन्ही गावच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो. भक्ती आपल्या जागी, पण नेलेलं परत आणायचं हे कागदावर असलेलं बरं, असा त्यातला व्यवहार आहे. लग्नानंतर घरोघरी खंडोबाची तळी भरतात, तिचंही तसंच. ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबरं, भंडारा आणि नाणं ठेवतात. तीन, पाच किंवा सात जण, म्हणजे विषम संख्येनेच, ती उचलून ‘येळकोट’ करतात. मग भंडारा-खोबरं सगळ्यांना वाटतात. एकट्याने तळी उचलायची नसते.

आहेराची वही हीच गोष्ट कागदावर करते. ती वही घरात वर्षानुवर्षं जपून ठेवतात. पाहुण्यांकडचं कार्य आलं की ती काढायची, त्यांनी काय केलं होतं ते बघायचं आणि त्याहून थोडं वाढवून करायचं. ना व्याज, ना तारण, ना मुदत. ज्याच्या घरी कार्य, त्याच्या हातात ऐन वेळी सगळ्या गावाचा थोडा थोडा पैसा येतो. वरचा एक रुपया सांगतो की खातं बंद केलेलं नाही. तंतोतंत फेड केली की संबंध मिटला, असा आपल्याकडे संकेत आहे.

या वहीला चलनाची सीमासुद्धा अडवू शकली नाही. १९४८ पर्यंत आमचा भाग निजामाच्या राज्यात आणि शेजारचं सोलापूर इंग्रजांच्या मुलखात. इकडे हाली रुपया, तिकडे कलदार. साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार असा भाव. सोयरीक मात्र दोन्हीकडे होत राहिली. ‘रुपया’ म्हटल्यावर ‘कुठला?’ असं विचारण्याचे ते दिवस होते.

आता दुसरी बाजू. आमच्याकडे पुष्कळ लग्नांत आहेर माइकवरून पुकारतात. पाच हजारांचं नाव मोठ्याने घेतलं, की मागे उभा असलेला माणूस मुठीतली नोट आणखी घट्ट धरतो. २०१५ च्या दुष्काळात मी पाहिलं, जवळची म्हणावी अशी माणसं अक्षता टाकून परस्पर निघून जात होती. जेवायलाही थांबत नव्हती. तेव्हापासून मी यजमानांना आधीच सांगतो, वही लिहीन, पण पुकारायला देणार नाही. काही जण नाराज होतात. होऊ द्यावेत.

आहेराच्या आडून हुंडा येतो, हेही लपलेलं नाही. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने रूढीप्रमाणे दिलेल्या भेटींना मोकळीक दिली, पण वधूपक्षाकडची भेट देणाऱ्याच्या ऐपतीच्या मानाने जास्त नसावी, असं बजावलं. १९८५ च्या नियमांनुसार वधूवरांना मिळालेल्या भेटींची लेखी यादी करायची असते. काय दिलं, अंदाजे किंमत किती, कुणी दिलं, नातं काय, हे लिहून खाली दोघांच्या सह्या. म्हणजे कायद्यालाही वहीच हवी आहे. ती किती घरांत ठेवतात, हे आपलं आपण पाहावं.

हल्ली पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापतात, ते ज्याला झेपत नाही त्याच्यासाठी चांगलंच आहे. काही ठिकाणी टेबलावर मोबाइलने पैसे पाठवायचा चौकोनी कोड ठेवलेला दिसतो. त्यातूनही लोक पाचशे एकच पाठवतात! माझं म्हणणं इतकंच, की पाचशे ही ऐपत झाली आणि ती प्रत्येकाची वेगळी. वरचा एक सगळ्यांचा सारखा. ज्याच्याकडे पाचशे नाहीत त्याने तो एकच द्यावा, घेणाऱ्याने दोन्ही हातांनी घ्यावा आणि वहीत त्याचं नाव इतरांसारखंच स्वच्छ अक्षरात लिहावं. आणि जेवल्याशिवाय त्याला जाऊ देऊ नये.