बालमंदिराची खोली आणि लहान मुलांचा मेंदू
(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)



या जागेवर खरं तर एखादे डॉक्टर किंवा प्राध्यापक हवे होते. मागच्या सभेत बालमंदिराच्या खोलीवरून चर्चा झाली, तिच्यात आम्ही जरा जास्त बोललो. सचिवांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, "मग गणपतीत तुम्हीच बोला." म्हणून उभे आहोत. आम्ही राज्य सरकारच्या नोकरीत उपयंत्री, शिक्षण स्थापत्याचा डिप्लोमा. नोकरीत गावोगावच्या अंगणवाड्या बांधायचं आणि दुरुस्त करायचं काम पुष्कळ केलं, घरी सौ. लहान मुलांना शिकवतात, त्यामुळे दोघांचंही या विषयावर वाचन होत गेलं. जे समजलं ते आमच्या भाषेत सांगतो.

काँक्रीट ओतलं की पहिले सात दिवस पाणी मारावं लागतं, आपल्या इंदूरसारख्या कोरड्या उन्हात दहा. इथे त्याला तराई म्हणतात. ताकद तपासतात अठ्ठाविसाव्या दिवशी, पण ती ठरते पहिल्या आठवड्यात. महिन्याभराने टँकर ओतला तरी गेलेली ताकद पूर्ण येत नाही. मेंदूचंही थोडं असंच आहे. जन्मलेल्या बाळाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण पाव वजनाचा असतो. दोन वर्षांत तो पाऊण हिश्श्याच्या वर जातो, सहाव्या वर्षापर्यंत सुमारे ९० टक्के. पेशी बहुतेक जन्मतःच असतात, वाढतात त्या पेशींमधल्या जोडण्या. पहिल्या काही वर्षांत त्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त तयार होतात. ज्या वापरात येतात त्या पक्क्या होतात, बाकीच्या गळून जातात. बाळाशी कोण बोलतं, त्याच्याकडे बघून कोण हसतं, रडलं की कोण उचलून घेतं, यावर कुठल्या जोडण्या राहणार ते बरंचसं ठरतं.

तुलना इथेच थांबवतो, कारण मेंदू काँक्रीट नव्हे. तो म्हातारपणापर्यंत शिकतो. समोर बसलेल्या आजींनी सत्तरीत व्हॉट्सॲप शिकून आम्हा सगळ्यांना रोज सकाळी सुप्रभात पाठवणं सुरू केलं, हा त्याचा पुरावा.

आता आपल्या घरातली गोष्ट. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी १९८४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी घरातल्या तान्ह्या मुलांना हिंदीतले 'ट' आणि 'त' ऐकवले. इंग्रजीत हा भेद नाही, तिथल्या मोठ्या माणसांना तो सहसा ऐकूही येत नाही. पण सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना येत होता! दहा-बारा महिन्यांची झाल्यावर मात्र त्यांच्यातल्या फार थोड्यांना तो ओळखता आला. घरात जो आवाज कधी पडला नाही, तो वेगळा ऐकायचं कान सोडून देतो.

हे वाचलं आणि आम्हाला आपला 'ळ' आठवला. शहरातल्या हिंदीत तो नाही. आपल्यापैकी कितीतरी घरांत मुलं 'बाल' आणि 'शाला' म्हणतात. 'चार' मधला च वेगळा आणि 'चाळ' मधला वेगळा, हे नातवाला सांगून पटत नाही, कारण त्याच्या कानाला दोन्ही एकच. यात मुलांचा दोष नाही. पाच वर्षांचं मूलसुद्धा हे आवाज पटकन उचलतं, फक्त ते बोलणारं कुणीतरी त्याच्या रोजच्या सहवासात पाहिजे.

सहवासात म्हणजे खरोखर समोर. अमेरिकेत पॅट्रिशिया कुल यांनी नऊ महिन्यांच्या बाळांना बारा बैठकांत चिनी भाषा ऐकवली. काहींच्या समोर बाई बसून गोष्टी सांगायची, खेळणी दाखवायची. काहींना तेच सगळं पडद्यावर दाखवलं. पहिली मुलं चिनी आवाज ओळखायला शिकली, पडद्यावरची काहीच शिकली नाहीत. "आम्ही मराठी बडबडगीतं लावून देतो ना मोबाइलवर" असं म्हणणाऱ्या तरुण आईबाबांनी हे लक्षात घ्यावं. आजोबांचं एक वाक्य त्या गाण्यांपेक्षा जास्त कामाचं आहे, आजोबा कितीही बेसूर असोत.

पण भाषेपेक्षा मोठी गोष्ट पुढे आहे. रुमानियात चाउशेस्कूच्या राजवटीत १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी आली, गरिबीही होती, आणि लोक मुलं सरकारी अनाथगृहांत सोडू लागले. १९८९ मध्ये राजवट कोसळली तेव्हा तिथे लाखाच्या वर मुलं होती. खायला मिळत होतं, डोक्यावर छप्पर होतं, ओळीने पाळणे होते. नव्हतं ते आपलं असं एक माणूस. पुढे नेल्सन, झीना आणि फॉक्स या तिघांनी बुखारेस्टमध्ये २००० पासून अशा १३६ मुलांचा अभ्यास केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं करून निम्मी मुलं चांगल्या पालक-कुटुंबांत ठेवली, बाकीची संस्थेत राहिली. संस्थेतल्या मुलांच्या मेंदूतली विद्युत हालचाल मंद होती, बुद्ध्यंक कमी होता, कुणाला जीव लावणं त्यांना जड जात होतं. घरात गेलेली मुलं सुधारली, आणि दोन वर्षांच्या आत गेलेली जास्त सुधारली. छप्पर आम्ही बांधून देऊ शकतो, तो आमचा धंदाच आहे. पण इमारत अव्वल आणि आत ताई नाही, अशा अंगणवाड्या आम्ही पाहिल्या आहेत. आणि गळक्या खोलीत वीस पोरं ताईच्या पदराला धरून गाणी म्हणत आहेत, असंही पाहिलंय.

भीतीचंही तसंच. थोडी भीती चांगली, स्पर्धेत अथर्वशीर्ष म्हणताना पाय कापतात तेवढी. शरीरात कॉर्टिसोल वाढतं, काम झालं की उतरतं. पण रोज मार, रोज "शेजारचा बघ आणि तू बघ", असं वर्षानुवर्षं चाललं की ते उतरतच नाही. मग आठवणी साठवणाऱ्या भागावर परिणाम होतो, आणि ज्या अभ्यासासाठी ओरडलो तोच डोक्यात राहत नाही. धीर धरायला, विचार करून वागायला लावणारा कपाळामागचा भाग तर पंचविशीपर्यंत पक्का होत असतो. पंधरा वर्षांच्या मुलाकडून पन्नाशीचा समजूतदारपणा मागणं म्हणजे सेंटरिंग काढायच्या आधी स्लॅबवर ट्रक उभा करणं.

आपल्या मराठी माणसांना हे यंत्रांशिवाय कळलं होतं. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बरोबर काम करून आल्या, १९४५ मध्ये बोर्डीला अनुताई वाघांना घेऊन ग्रामीण बालशिक्षण सुरू केलं, मग कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. माँटेसरीची महाग साधनं परवडणार नाहीत म्हणून दगड, शंख, पानं, बिया वापरल्या. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. सरकारची अंगणवाडी योजना त्यानंतर, २ ऑक्टोबर १९७५ ला आली.

आता खोलीकडे येतो. आपल्या सभागृहामागच्या खोलीत बालमंदिर होतं, या सभागृहातले निम्मे लोक तिथे बसलेले आहेत. गेल्या वर्षी मुलं उरली अकरा. कोषाध्यक्षांचं म्हणणं असं की कोचिंग क्लास भाड्याने मागतोय, वर्षाचा उत्सवखर्च निघेल. त्यांचं गणित चुकीचं नाही. वर्गणी किती जमते ते त्यांनाच माहीत, आणि छप्पर गळतंय हेही खरं. पण ती खोली गेली की शहरात आपल्या तीन-चार वर्षांच्या पोरांना मराठी बोलणारी दहा तोंडं एका जागी कुठे मिळणार? घरात आता आईबाप दोघं नोकरीला, आजी-आजोबा दुसऱ्या वसाहतीत. कोचिंगला भंवरकुआंपासून पुढे जागाच जागा आहे.

म्हणून आमचं म्हणणं : क्लासला संध्याकाळी सहानंतर खोली द्या, भाडं घ्या. सकाळी साडेनऊ ते बारा ती मुलांची. मराठी येत नसलेली शेजारची मुलंही येऊ द्या, मुलं मुलांकडून भाषा लवकर शिकतात. रोज दोन ज्येष्ठांनी पाळीने येऊन गोष्ट सांगायची, पाठांतराची सक्ती नाही, सहा वर्षांखालच्यांना नंबर नाहीत, बक्षीस सर्वांना एकच. सात जणांनी नावं दिली आहेत, दहा लागतील.

खोलीचं माप आम्ही रविवारी घेतलं. १८ बाय २४ फूट, उत्तरेची एक खिडकी मुलांच्या उंचीला खाली आणावी लागेल, छपराचे चार पत्रे बदलायचे, मोरीचा उतार उलटा आहे तो नीट करायचा. मजुरी आणि साहित्य धरून अंदाजपत्रक सचिवांकडे दिलं आहे, देखरेखीचे पैसे त्यात लावलेले नाहीत. अनंत चतुर्दशीनंतरच्या सभेत ते मांडलं जाईल. ज्यांना आधी बघायचं असेल त्यांनी आरतीनंतर आम्हाला गाठावं, नकाशा पिशवीत आहे.