साखरेची तपासणी : हक्क आणि कर्तव्य
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावर मधुमेहाचा विषय कशाला, असे आपणांस वाटेल. पण ज्या घरात कमावत्या माणसाचा पाय या रोगाने कापावा लागतो, त्या घरातल्या मुलामुलींचे शिक्षण सर्वांत आधी थांबते. म्हणून हा विषय शाळेचाही आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची मोठी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजाप्रमाणे देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हा रोग आरंभी दुखत नाही, म्हणून तो तपासल्यावाचून कळत नाही. उपाशीपोटी रक्तातील साखर १२६ किंवा त्याहून अधिक आढळली, तर डॉक्टर पुन्हा तपासून निदान पक्के करतात.

ही तपासणी करण्यासाठी पैसे लागतात, हा आपल्यातील मोठा गैरसमज आहे. केंद्र सरकारने २०१० साली असंसर्गजन्य रोगांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्याखाली तीस वर्षांवरील प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब सरकारी आरोग्य केंद्रात तपासावयाचा आहे. आशाताई फॉर्म भरायला घरी येतात, त्या याचसाठी. शिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. जिंतूरचा हमाल असो की पाथरीची शेतमजूर भगिनी, हा त्यांचा हक्क आहे. ही खैरात नव्हे.

परंतु एक उणीव राहते. सरकारी कार्यक्रमाचा भर केंद्रावरील तपासणीवर आहे, घरी नेण्याच्या पट्ट्यांवर नाही. केवळ पथ्य किंवा साध्या गोळ्यांवर असलेल्या बहुतेक रुग्णांना रोज बोट टोचण्याची गरज नसते; डॉक्टर सांगतील तेव्हा केंद्रात जाणे पुरते. पण जो इन्सुलिन घेतो, त्याची साखर अचानक उतरून तो बेशुद्ध पडू शकतो. त्याला घरी यंत्र आणि पट्ट्या हव्यातच. रोज दोन पट्ट्या म्हटल्या तरी महिन्याला साठ होतात. हा खर्च मजुराला झेपत नाही. ब्रिटनमध्ये इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णास डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सरकारी खर्चाने पट्ट्या मिळतात. सर्वांना नव्हे, पण ज्याला खरी गरज आहे त्याला तरी आपल्याकडेही त्या मिळाव्यात, ही मागणी रास्त आहे.

रमजानमध्ये या पट्टीचे मोल अधिकच कळते. बोट टोचून रक्त तपासल्याने रोजा तुटत नाही, असे उलेमा आणि डॉक्टर दोघेही सांगतात. साखर ७० च्या खाली उतरली किंवा ३०० च्या वर गेली, तर रोजा सोडावा, असा वैद्यकीय सल्ला आहे. आजाऱ्याला तर कुरआन शरीफनेच सवलत दिली आहे. तेव्हा रोजा ठेवण्याआधी डॉक्टरांना विचारा, औषधाच्या वेळा बदलून घ्या.

पालकहो, प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते. तिच्यापुढे आणि ग्रामसभेत इन्सुलिनवरील गरीब रुग्णांच्या पट्ट्यांसाठी लेखी अर्ज द्या. तोंडी तक्रार हवेत विरते, अर्जाची पोच मात्र हातात राहते.

विद्यार्थी मित्रांनो, तो अर्ज तुम्ही लिहा. आणि अम्मीला स्वतः केंद्रात घेऊन जा. सर्वांना जेवू घालून ती शेवटी जेवते, तशीच सर्वांच्या तपासण्या झाल्यावरही तिची राहून जाते. तुमच्या शिक्षणाचा पहिला लाभ तिला मिळू द्या.