एकच्या पुढचा आकडा

(पुण्यातील महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘मत वाया घालवू नका’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. आपल्या विचारांचा छोटा उमेदवार उभा राहिला की ते ऐकू येतंच. आणि निकालानंतर, ‘तुमच्यामुळेच ते निवडून आले’, हेही. या दोन वाक्यांनी चळवळीतल्या किती मैत्रिणी एकमेकींपासून दुरावल्या ते आठवून पाहा. धर्माच्या नावावर राजकारण करणाऱ्या आणि बाईनं कुणाशी लग्न करावं हेही ठरवू पाहणाऱ्या शक्तींना रोखायचं, याबद्दल आपलं एकमत आहे. भांडण आहे ते त्यासाठी मत कसं द्यायचं यावरून. आज त्याविषयीच बोलणार आहे. सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

2014 साली मी पुणे पदवीधर मतदारसंघात पहिल्यांदा मत दिलं. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांची मिळून विधान परिषदेची ही एक जागा. इथे बटण दाबायचं नसतं. मतपत्रिकेवर नावांपुढे पसंतीचे आकडे लिहायचे असतात. मी माझ्या उमेदवारापुढे 1 लिहिला आणि पत्रिका पेटीत टाकली. दुसऱ्या कुणाला आकडा देणं म्हणजे निष्ठेत भेसळ, असं मला वाटलं होतं.

निकाल लागला. भाजपचे चंद्रकांत पाटील निवडून आले. राष्ट्रवादीचे सारंग पाटील अडीच हजारांपेक्षाही कमी मतांनी मागे राहिले. त्याच पक्षातून बंडखोरी करून उभ्या राहिलेल्या अरुण लाड यांनी हजारो मतं घेतली होती. माझा उमेदवारही हरला. पण खरी खंत ती नव्हती. माझी पत्रिका मी अर्धीच लिहिली होती, हे मला नंतर कळलं.

ही पद्धत समजून घेऊ या. राज्यघटनेच्या कलम 171 मध्ये तिला प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची, एकल संक्रमणीय मताची पद्धत म्हटलंय. नाव अवघड आहे, काम सोपं आहे. जागा एकच असेल तर निवडून यायला वैध मतांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. ती कुणालाच मिळाली नाहीत, तर सर्वांत कमी मतं असलेला उमेदवार बाद होतो आणि त्याच्या पत्रिका 2 हा आकडा पाहून इतरांना दिल्या जातात. जिच्यावर 2 नाही, ती पत्रिका बाजूला ठेवली जाते. म्हणजे मोजणी चालू असताना ती मतदार उठून घरी गेली, असंच समजा. तुमचा 2 मोजला जातो तो तुमचा 1 बाद झाल्यावरच. त्यानं तुमच्या आवडत्या उमेदवाराचं काहीही बिघडत नाही. म्हणून 1 मनातल्या उमेदवाराला द्या. 2 आणि 3 अशांना द्या, जे आपले नसले तरी ज्यांच्याशी आपल्याला भांडता येईल. ज्याला रोखायचंय, त्याच्यापुढे काहीही लिहू नका.

2020 साली लाड हेच महाविकास आघाडीचे उमेदवार होते. मतं फुटली नाहीत आणि ते 48 हजारांहून अधिक मतांनी जिंकले. आधीच एकजूट झाली तर 2 ची गरज पडत नाही. ती झाली नाही, तर मात्र 2 हीच आपल्या हातातली एकजूट.

जिथे अशी पसंती देता येत नाही, तिथे काय होतं तेही पाहा. जर्मनीतल्या ब्रांडेनबुर्ग राज्यात 2024 साली अतिउजव्या पक्षाला पहिलं येऊ द्यायचं नाही म्हणून अनेकांनी छोटे पक्ष सोडून सोशल डेमोक्रॅट पक्षाला मत दिलं. तो पक्ष थोडक्यात पहिला आला. पण तिथे जागा मिळवायला साधारणपणे 5 टक्के मतं लागतात. ग्रीन आणि डावा पक्ष त्याखाली गेले आणि विधिमंडळाबाहेर फेकले गेले. अतिउजव्यांना मतं 29 टक्के मिळाली, पण 88 पैकी 30 जागा, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त, त्यांच्या हाती गेल्या. डावपेचाचं मत देतानाही हिशेब पुरा करावा लागतो, तो असा.

आता एक अवघड प्रश्न. पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत मी हे समजावत होते, तेव्हा धुणीभांडी करणारी एक बाई म्हणाली, “ताई, म्हणजे तुम्हाला दोन-दोन ठिकाणी मत आणि आम्हाला एकच?” मला उत्तर देता आलं नाही. तिचं म्हणणं खरंच आहे. शिवाय तिच्या त्या एका मतावर 2 लिहायची सोयही नाही. तिच्यासाठी मतफूट टाळायची तर अर्ज मागे घ्यायच्या दिवसाआधीच पक्षांना एकत्र बसवावं लागतं. तो दबाव आणणं हे आपलं काम आहे. निकालानंतर तिला दोष देणं हे नव्हे.

पदवीधर मैत्रिणींसाठी कामाच्या गोष्टी. ही यादी दर निवडणुकीला नव्यानं होते. मागच्या वेळी नाव होतं म्हणून निर्धास्त राहू नका. अर्ज नमुना 18 मध्ये करायचा असतो. पदवी मिळून तीन वर्षं झालेली हवीत. पदवी माहेरच्या नावानं असेल तर नाव बदलल्याचा पुरावा जोडावा लागतो. तेवढ्यावरून कितीतरी जणी नाद सोडतात. तो कागद मिळवायला आपण एकमेकींना मदत करू. केंद्रावर दिलेल्या पेननंच आकडे लिहा. बरोबरची खूण, सही किंवा अक्षरात ‘एक’ लिहिलंत तर मत बाद होईल.

आणि मतभेद आपल्यात राहणारच. तुझा 1 वेगळा, माझा 1 वेगळा. 2 कुणाला द्यायचा, हे मात्र मतदानाआधी एकत्र बसून ठरवू या.