मोटारीच्या डिकीतील संगीतयंत्रणा : नाद आणि निर्धोकता
(भाषणाचा मजकूर)



प्रवासात संगीताची सोबत असावी, ही माणसाची हौस जुनी आहे. बैलगाडीच्या तांड्यात कोणीतरी गाणारा असेच. मोटार आली तेव्हा ती हौस यंत्राकडे वळली. १९३० साली अमेरिकेत पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने मोटारीत बसवण्याजोगा रेडिओ बाजारात आणला व त्याला 'मोटोरोला' हे नाव दिले. भारतात १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली आणि लहान मोटार मध्यमवर्गीय घराच्या दाराशी उभी राहू लागली. त्या गाडीचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. परंतु लहान मोटारींचा वापर खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचला आहे. ही मोटार घरी आल्यावर घरातील तरुण मंडळींची पहिली मागणी पुष्कळदा एकच असते : मागच्या डिकीत एक ॲम्प्लिफायर आणि एक मोठा स्पीकर बसवावा.

ही मागणी वावगी मुळीच नाही. मात्र तिच्या पूर्ततेत एक विसंगती आढळते. स्पीकर कोणत्या छापाचा, किती वॉटचा, याची चर्चा दिवसच्या दिवस चालते. पण ज्या चार वस्तूंवर या यंत्रणेची सुरक्षितता अवलंबून असते, त्या वायर, फ्यूज, पेटी आणि बोल्ट यांच्या खरेदीत काटकसर केली जाते. या काटकसरीचे मोल कधी बंद पडलेल्या गाडीने, तर कधी आगीने चुकवावे लागते. म्हणून या चार वस्तूंचा विचार येथे क्रमाने केला आहे.

प्रथम पेटी. मोठा स्पीकर डिकीतच का लागतो आणि त्याला पेटी कशासाठी, याचे उत्तर आपल्या वाद्यांत आहे. स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते व मागची विरळ होते. मंद्र स्वरांच्या लहरी फार लांब असतात. सेकंदाला ५० कंपनांच्या स्वराची लहर सुमारे सात मीटर लांबीची असते. त्यामुळे उघड्या स्पीकरच्या पुढच्या व मागच्या लहरी एकमेकींत मिसळून परस्परांचा नाश करतात आणि मंद्र स्वर ऐकूच येत नाही. मागची हवा कोंडली की हा दोष जातो. डग्ग्याचे भांडे जसे चामड्याखालची हवा कोंडून ठेवते, तशीच बंद पेटी स्पीकरमागची हवा कोंडते. दुसऱ्या प्रकारच्या पेटीला एक तोंड मुद्दाम ठेवलेले असते. गोव्यातील घुमटाच्या मातीच्या भांड्याला एका बाजूस चामडे आणि दुसऱ्या बाजूस लहान उघडे तोंड असते व वादक त्या तोंडावर तळहात ठेवून नाद बदलतो. या पेटीचेही तत्त्व त्याच्याशी मिळतेजुळते आहे. लहान गाडीत बंद पेटी सोयीची, कारण ती कमी जागेत मावते. आतून ४० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर उंच व १८ सेंटिमीटर खोल अशा पेटीचे आकारमान सुमारे साडेएकवीस लिटर होते आणि दहा इंची स्पीकरांपैकी अनेकांना तेवढे पुरते. तथापि उत्पादकाच्या पत्रकात दिलेला आकडा पाहूनच सुताराला माप द्यावे. कोकण व गोव्याच्या पावसाळी हवेत लाकडाच्या भुश्श्याचे दाबीव तक्ते ओल धरून फुगतात. तेथे पाण्याला टिकणारे १८ मिलिमीटर जाडीचे प्लायवुड वापरावे व सांधे गोंद आणि स्क्रू यांनी पक्के बंद करावेत.

दुसरी वस्तू वायर. शाळेत शिकवला जाणारा ओहमचा नियम येथे प्रत्यक्ष कामी येतो व शिक्षकांना वर्गात मांडता येईल असे हे उदाहरण आहे. समजा, ॲम्प्लिफायर ३०० वॉटचा आहे आणि घेतलेल्या विजेपैकी साठ टक्क्यांचेच तो स्पीकरसाठी रूपांतर करतो. म्हणजे पूर्ण आवाजात त्याला ५०० वॉट लागतील. इंजिन चालू असताना गाडीतील विजेचा दाब १३.८ व्होल्टच्या आसपास असतो. म्हणून प्रवाह सुमारे ३६ अँपिअर होतो. गाडीचे दोन्ही हेडलाइट मिळून सुमारे नऊ अँपिअर घेतात, हे ध्यानी घेतले म्हणजे या प्रवाहाचा थोरपणा कळतो. आता बॅटरीपासून डिकीपर्यंतच्या पाच मीटर अंतरासाठी कोणी घरगुती कामातली अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकली, तर तिच्यातच सव्वा व्होल्टच्या जवळपास दाब खर्ची पडतो आणि सुमारे ४५ वॉट उष्णता निर्माण होते. हेडलाइटचा एक दिवा ५५ वॉटचा असतो. त्याहून थोडी कमी उष्णता पायाखालच्या कार्पेटखाली, प्लास्टिकच्या आवरणात कोंडून ठेवण्यासारखे हे आहे. तेथेच सोळा चौरस मिलिमीटरची वायर घातली, तर दाबातील घट पाव व्होल्टच्या आत येते व उष्णता सात वॉटवर उतरते. संगीतात पूर्ण जोर सतत नसतो हे खरे. पण वायर निवडताना अधिकात अधिक प्रवाहाचाच हिशेब धरावा लागतो. वायर शुद्ध तांब्याचीच घ्यावी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर दिसायला तशीच असते, परंतु तिचा रोध अधिक असतो.

तिसरी वस्तू फ्यूज. याविषयी एक गैरसमज रूढ आहे. फ्यूज ॲम्प्लिफायरच्या रक्षणासाठी असतो, असे समजून तो डिकीत ॲम्प्लिफायरजवळ बसवला जातो. वस्तुतः मुख्य फ्यूज वायरच्या रक्षणासाठी असतो. वायर इंजिन व बैठक यांच्यामधल्या पत्र्यातून आत येते. त्या पत्र्याच्या धारेवर घासून तिचे आवरण फाटले, तर तांबे थेट गाडीच्या अंगाला टेकते आणि बॅटरीतून शेकडो अँपिअरचा लोंढा सुटतो. फ्यूज डिकीत असेल, तर हा लोंढा त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. मधली सारी वायर लाल होऊन पेटते. यासाठी फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून हातभर अंतराच्या आत, म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटरच्या आत बसवावा आणि त्याचा आकडा वायरच्या क्षमतेहून अधिक नसावा. पत्र्याच्या छिद्रात रबरी ग्रोमेट अवश्य घालावा. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्याच्या जागी तारेचा तुकडा गुंडाळणे हा तर गाडी आपल्या हाताने पेटवण्याचा प्रकार होय.

परतीची वायर, म्हणजे अर्थिंग, हाही याच साखळीचा दुवा आहे. ती तितक्याच जाडीची व शक्य तेवढी आखूड असावी. जेथे ती जोडायची, तेथील रंग खरवडून लखलखीत पत्रा उघडा करावा, वायरच्या टोकाला थिंबल दाबून बसवावे, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळावा व वरून गंजरोधक रंग लावावा. आसनपट्ट्याच्या बोल्टला ही वायर कधीही जोडू नये. तो बोल्ट माणसाच्या जिवासाठी आहे. रेडिओकडून येणारी आवाजाची बारीक केबल गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्यावी, म्हणजे इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी किरकिर स्पीकरमधून येत नाही. ॲम्प्लिफायर सुरू-बंद करणारी लहान तार रेडिओशीच जोडावी. ती थेट बॅटरीशी जोडल्यास गाडी उभी असतानाही ॲम्प्लिफायर जागा राहतो. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांच्या आसपास असते. इंजिन बंद ठेवून तासभर जोराने गाणी वाजवली, तर परत निघताना गाडी ढकलावी लागण्याची पाळी येते.

चौथी वस्तू बोल्ट. स्पीकरसह पेटीचे वजन पंधरा किलो धरू. ताशी पन्नास किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर ही पेटी दोन क्विंटलांहून अधिक वजनाच्या जोराने पुढे झेपावते. लहान गाडीत तिच्यापुढे केवळ मागच्या आसनाची पाठ असते आणि त्या आसनावर बहुधा घरातील मुले बसलेली असतात. म्हणून पेटी नुसती ठेवून भागत नाही. लोखंडी कोनपट्ट्या व बोल्ट यांनी ती जखडावी लागते. पण छिद्र पाडण्यापूर्वी गाडीखाली वाकून पाहावे. पेट्रोलची टाकी व नळ्या पुष्कळदा तेथेच असतात. ज्या गाडीच्या डिकीत सीएनजीचे सिलिंडर आहे, तेथे ही यंत्रणा बसवूच नये. जादा चाक व जॅक पेटीखाली गाडले जाणार नाहीत, हेही पाहावे; घाटात पावसाच्या रात्री चाक बसले म्हणजे त्यांचे महत्त्व कळते.

या चारही गोष्टी नीट जमल्या, तरी पाचवी गोष्ट उरते व ती बाजारात मिळत नाही. ती म्हणजे तारतम्य. ८५ डेसिबलचा आवाज दिवसात आठ तास चालू शकेल. त्यापुढे दर तीन डेसिबलमागे ही मुदत निम्मी करावी, असा दंडक अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संशोधन संस्थेने घालून दिला आहे. त्या हिशेबाने १०० डेसिबलला केवळ पंधरा मिनिटे उरतात. बंद काचांच्या लहान गाडीत ही पातळी गाठणे कठीण नाही आणि एकदा गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा चालकाला ऐकू आला पाहिजे, ही तर किमान अपेक्षा होय. शिवाय मंद्र स्वर भिंतीही ओलांडतात. ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा ठरवली असून रात्रीचा काळ दहा ते सहा असा धरला आहे. रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवतीचा किमान शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो.

तेव्हा दुकानात गेल्यावर ग्राहकाने 'किती वॉट?' हा प्रश्न शेवटी विचारावा. वायर किती चौरस मिलिमीटरची, फ्यूज बॅटरीपासून किती अंतरावर, पेटी कशाने जखडणार, आणि टाकी कोठे आहे हे पाहिले का, हे चार प्रश्न आधी विचारावेत. ज्या कारागिराकडे त्यांची उत्तरे तयार असतील, त्याच्या हाती गाडी निर्धास्त सोपवावी. काम संपल्यावर अर्धा तास यंत्रणा वाजवून वायरवर, फ्यूजच्या घरावर आणि जोडांवर हात ठेवून पाहावा. कोठे चटका बसला, तर ते काम अजून पुरे झालेले नाही, असे समजावे.